भाग जातो, पण कशाने?

२ चा १२७७ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की ३८५ अंकी एक संख्या मिळते. ही संख्या मूळ नाही. म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज आणखी कशाने तरी तिला निःशेष भाग जातो. यात शंकेला जागा नाही, कारण गणिती सिद्धता हाती आहे. पण हा भाग नेमका कशाने जातो, ते आज कुणालाही ठाऊक नाही. हौशी आणि व्यावसायिक अशा दोन्ही प्रकारच्या लोकांनी या एका संख्येवर वर्षानुवर्षे संगणक राबवले आहेत. एकही विभाजक सापडलेला नाही.

शाळेत शिकलेल्या गणिताला हे विपरीत वाटते. तिथे संख्या संयुक्त आहे असे आपण म्हणतो, ते तिचा विभाजक सापडला म्हणून. ९१ ला ७ ने भाग गेला, म्हणजे ९१ संयुक्त. शोध आणि निकाल एकाच पायरीवर येतात. गाउसनेही १८०१ साली आपल्या अंकगणितावरच्या ग्रंथात हे दोन प्रश्न एका दमात मांडले : मूळ संख्या संयुक्त संख्यांपासून वेगळ्या ओळखणे आणि संयुक्त संख्यांचे मूळ अवयव पाडणे. अंकगणितातले हे सर्वांत महत्त्वाचे आणि उपयुक्त प्रश्न आहेत, असे त्याचे मत होते. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत या जोडीची फारकत झाली. पहिला प्रश्न जवळजवळ पूर्ण सुटला, दुसरा अजून उभा आहे. मोठ्या संख्यांच्या साऱ्या अभ्यासात मला ही फारकत सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही अशी माझी तक्रार आहे.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. मोठ्या संख्येचे गुणधर्म म्हटले की आपल्याकडे पुष्कळांना देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर आठवतात, आणि ते योग्यच आहे. ६१७४ चा स्थिरांक, स्वयंभू संख्या, डेम्लो संख्या अशी त्यांची देणगी मोठी. १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो, हे पाहून ज्याला आनंद होत नाही त्याला संख्यांची गोडी कशी लावावी हे मला कळत नाही. पण हे सौंदर्य अंकांचे आहे. आपण दहाच्या पायावर संख्या लिहितो म्हणून ते दिसते. बाराच्या पायावर लिहिली तर रूप बदलेल. मूळ असणे किंवा संयुक्त असणे मात्र लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून नाही, आणि अंकांचे रूप त्याबद्दल फारसे काही सांगत नाही. १ हा अंक ओळीने १९ वेळा लिहिला तर मिळणारी संख्या मूळ आहे. तोच १७ वेळा लिहिला तर ती संयुक्त : २०,७१,७२३ गुणिले ५,३६,३२,२२,३५७. दोन्हींचा चेहरा सारखाच, आतली घडण वेगळी. ती घडण कशी उलगडायची, हा आपला विषय.

सर्वांत सरळ उपाय म्हणजे वर्गमुळापर्यंतच्या संख्यांनी एकामागून एक भागून पाहणे. लहान संख्येला तो पुरतो. शंभर अंकी संख्येचे वर्गमूळ पन्नास अंकी असते. सेकंदाला शंभर कोटी भागाकार करणारे यंत्र घेतले, तरी लागणाऱ्या सेकंदांची संख्या चाळीसहून अधिक अंकी होते. विश्वाचे वय सेकंदांत मोजले तर ते १८ अंकी भरते. तेव्हा वेगवान यंत्र आणून हा प्रश्न सुटणार नव्हता. युक्तीच हवी होती.

पहिली मोठी युक्ती आपल्या देशात लिहिली गेली. नारायण पंडिताच्या १३५६ सालच्या ‘गणितकौमुदी’त अवयव पाडण्याची एक रीत आहे : दिलेली संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात मांडायची. वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी, त्यामुळे ती मांडणी जमली की अवयव हाती आलेच. हीच रीत सुमारे तीनशे वर्षांनी फ्रान्समध्ये फर्माने स्वतंत्रपणे शोधली. त्याचे उदाहरण २,०२,७६,५१,२८१ या संख्येचे. तिचे वर्गमूळ ४५,०२९ च्या किंचित पुढे आहे. म्हणून ४५,०३० पासून सुरुवात करायची, वर्ग करायचा, संख्या वजा करायची, बाकी पूर्ण वर्ग आहे का पाहायचे. बाराव्या खेपेला, ४५,०४१ वर आल्यावर, बाकी १०२० चा वर्ग निघते. म्हणून अवयव ४४,०२१ आणि ४६,०६१. भागाकाराने गेलो असतो तर हजारो मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या.

ही रीत अवयव एकमेकांच्या जवळ असले तरच चटकन फळते. ते जवळ नसतील तर ती साध्या भागाकारापेक्षाही वाईट ठरू शकते. तरी तिच्यातला गाभा पुढे शतकानुशतके टिकला.

मॅरँ मर्सेन हा पॅरिसमधला धर्मोपदेशक आणि सतराव्या शतकातल्या शास्त्रज्ञांचा पत्रव्यवहार जुळवणारा माणूस. १६४३ मध्ये त्याने फर्माला १,००,८९,५५,९८,१६९ ही संख्या मूळ आहे का असे विचारले. ती ८,९८,४२३ गुणिले १,१२,३०३ आहे, असे फर्माचे उत्तर आले. पुढच्याच वर्षी मर्सेनने आपल्या ग्रंथात एक धाडसी यादी दिली. २ च्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या कोणत्या घातांकांना मिळते? २५७ पर्यंतचे घातांक त्याने सांगितले : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. यांतल्या मोठ्या संख्या तपासणे त्या काळी कुणालाही शक्य नव्हते, त्यालाही नाही. ३१ चा निकाल ऑयलरने १७७२ मध्ये लावला : २,१४,७४,८३,६४७ मूळ आहे. संपूर्ण यादीची छाननी पुरी व्हायला १९४७ उजाडले. तिच्यात ६७ आणि २५७ चुकीचे निघाले. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते.

फर्माचाही एक अंदाज असाच कोसळला. २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ येते. ती मूळ असावी असे त्याला वाटत होते. घातांक स्वतः २ चा घात असताना मिळणाऱ्या अशा संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. १७३२ मध्ये ऑयलरने तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवले. ऑयलरने आंधळेपणाने भागाकार केले नाहीत. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असलाच पाहिजे, हे त्याने ओळखले होते. त्या साच्यातल्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ अशा येतात. पाचवीलाच काम झाले. संख्येच्या बांधणीवरून तिच्या विभाजकांचा साचा ओळखायचा, हा धडा त्यानंतर कुणी विसरले नाही.

आता फारकतीचा क्षण. तो फर्माच्याच १६४० च्या एका प्रमेयात दडलेला होता. मूळ संख्या घ्या. तिच्या पटीत नसलेली कोणतीही संख्या घेऊन तिचा, मूळ संख्येपेक्षा एकने कमी असा घात काढा. त्या घाताला मूळ संख्येने भागले तर बाकी नेहमी १ उरते. हे प्रमेय उलट्या बाजूने वापरायचे. ९१ घेऊ. २ चा ९० वा घात काढून ९१ ने भागला तर बाकी ६४ उरते. १ आली नाही, म्हणजे ९१ मूळ नाही. संपले! ७ आणि १३ यांचा उच्चारही न करता ९१ संयुक्त असल्याचे सिद्ध झाले. नव्वदावा घात भला मोठा वाटतो, पण तो पूर्ण लिहावा लागत नाही. वर्ग करायचा, ९१ ने भागून बाकी ठेवायची, पुन्हा वर्ग करायचा. शंभर अंकी संख्येलाही अशा काहीशे पायऱ्या पुरतात. १२७७ व्या घाताच्या त्या संख्येबद्दलही आपल्याला जे कळले आहे ते याच जातीच्या चाचणीतून.

या चाचणीत एक खोट आहे. २ ऐवजी ३ घेतले असते तर? ३ च्या ९० व्या घाताला ९१ ने भागल्यावर बाकी १ च येते. म्हणजे ९१ ने ३ ला फसवले. याहून पक्क्या फसव्या संख्या आहेत. ५६१ घ्या, म्हणजे ३ गुणिले ११ गुणिले १७. तिच्याशी सामाईक अवयव नसलेली कोणतीही संख्या घेऊन चाचणी केली तरी बाकी १. यांना कार्मायकल संख्या म्हणतात. हार्डी आणि रामानुजन यांच्या गोष्टीमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ हीदेखील कार्मायकल संख्याच आहे : ७ गुणिले १३ गुणिले १९. दोन घनांच्या बेरजेची कथा सगळे सांगतात, हा गुणधर्म सहसा कुणी सांगत नाही. कार्मायकल संख्या अनंत आहेत हे आल्फर्ड, ग्रॅनव्हिल आणि पॉमरन्स यांनी १९९४ मध्ये सिद्ध केले.

खोट दूर करण्याचे दोन मार्ग निघाले. एक विशिष्ट बांधणीच्या संख्यांसाठी. फ्रान्सच्या एदुआर ल्यूकाने १८७६ मध्ये मर्सेनच्या यादीतली १२७ वाली, ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे हाताने सिद्ध केले. पुढची ७५ वर्षे ती सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या राहिली. लेमरने १९३० मध्ये या चाचणीला देखणे रूप दिले. ४ ने सुरुवात करा, वर्ग करून २ वजा करा, दिलेल्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. ३१ साठी, म्हणजे २ चा ५ वा घात उणे १ या संख्येसाठी, पाहा : ४, मग १४, मग १९४ म्हणजे बाकी ८, मग ६२ म्हणजे बाकी शून्य. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या पायऱ्यांनंतर शून्य आले तर मूळ, नाहीतर संयुक्त. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात उणे १, ही याच घराण्यातली. तिचे अंक ४,१०,२४,३२०.

दुसरा मार्ग कोणत्याही संख्येसाठी. मिलर आणि राबिन यांनी १९७० च्या दशकात फर्माची चाचणी अशी कडक केली की संयुक्त संख्येला यादृच्छिक निवडीची एक खेप चुकवण्याची शक्यता फार तर चारात एक. वीस खेपा घेतल्या की ती एक लाख कोटीत एकापेक्षाही कमी. व्यवहाराला हे पुरे झाले. गणिताला नाही, कारण संभाव्यता म्हणजे सिद्धता नव्हे. ती उणीव कानपूरच्या आयआयटीत भरून निघाली. मणिन्द्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी ऑगस्ट २००२ मध्ये एक रीत जाहीर केली. ती कोणत्याही संख्येचा निकाल नशिबावर न सोडता, कोणत्याही असिद्ध गृहीतकाचा आधार न घेता लावते, आणि लागणारा वेळ अंकांच्या संख्येच्या एखाद्या ठरावीक घाताच्या मर्यादेतच राहतो. कयाल आणि सक्सेना यांनी नुकतीच पदवी घेतली होती. रीत इतकी मूलभूत साधनांवर उभी आहे की चांगल्या पदवी विद्यार्थ्याला ती समजते. प्रत्यक्ष वापरात जुन्या चाचण्या तिच्यापेक्षा वेगवान आहेत म्हणून काही जण तिचे मोल कमी मानतात. मला ते पटत नाही. गाउसच्या दोनपैकी एका प्रश्नाचे तात्त्विक उत्तर तिने दिले, आणि असे उत्तर एकदाच मिळते.

पण तिने अवयव दिले नाहीत. कुठलीच वेगवान चाचणी देत नाही.

ल्यूकाने १८७६ मध्येच मर्सेनची ६७ वाली संख्या संयुक्त ठरवली होती. तिचे अवयव मिळायला २७ वर्षे गेली. ३१ ऑक्टोबर १९०३ ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. त्यांनी २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला. मग शेजारी १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार मांडला. दोन्हीकडे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ हेच उत्तर आले. एक शब्दही न बोलता ते जागेवर जाऊन बसले आणि सभेने टाळ्या वाजवल्या, अशी ई. टी. बेल यांनी सांगितलेली हकिगत आहे. तीन वर्षांचे रविवार या कामी गेले, असेही बेल सांगतात. गुणाकार तपासायला काही मिनिटे, शोधायला वर्षे. दोन्ही दिशांच्या कष्टांतला हा फरक म्हणजेच दुसऱ्या प्रश्नाचे मर्म.

हा फरक इंग्लंडच्या विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सला आधीच दिसला होता. १८७४ च्या आपल्या ग्रंथात त्याने विचारले : कोणत्या दोन संख्यांच्या गुणाकाराने ८,६१,६४,६०,७९९ येते? आपल्याखेरीज हे कुणाला कधी कळेल असे वाटत नाही, असा त्याचा अभिप्राय होता. उत्तर ८९,६८१ आणि ९६,०७९. जेव्हन्सने निवडलेले अवयव एकमेकांच्या फार जवळचे. नारायण पंडिताची रीत लावली तर ९२,८२५ पासून सुरू करून छप्पन्नाव्या खेपेला, ९२,८८० वर, ३१९९ चा वर्ग हाती लागतो. कागद आणि चिकाटी असलेल्या कुणालाही हे जमेल. जेव्हन्सचे उदाहरण कच्चे होते, विचार पक्का होता.

विसाव्या शतकात जुन्या रीतीचा कायापालट झाला. क्राइचिकने १९२० च्या दशकात सुचवले की एकच नेमका वर्ग सापडण्याची वाट पाहू नये. अर्धवट जमलेल्या मांडण्या एकत्र गुणून वर्ग तयार करावा. २२०१ घ्या. ४७ चा वर्ग २२०९, बाकी ८. ४९ चा वर्ग २४०१, बाकी २००. दोन्ही बाक्या पूर्ण वर्ग नाहीत. पण ८ गुणिले २०० म्हणजे १६००, ४० चा वर्ग! आता ४७ गुणिले ४९ म्हणजे २३०३, त्यातून २२०१ गेले की १०२. १०२ आणि ४० यांची वजाबाकी ६२, बेरीज १४२. २२०१ शी त्यांचे मसावि काढले की ३१ आणि ७१ मिळतात. मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी १९७० मध्ये ही कल्पना संगणकावर चढवून २ चा १२८ वा घात अधिक १ या ३९ अंकी फर्मा संख्येचे अवयव पाडले. ती संयुक्त असल्याचे १९०५ पासून माहीत होते. पासष्ट वर्षांची प्रतीक्षा! पुढे पॉमरन्सची वर्गचाळणी आली, पोलार्डच्या कल्पनेतून संख्याक्षेत्र चाळणी आली. गाभा अजूनही तोच आहे : दोन वर्ग, त्यांची वजाबाकी.

दरम्यान या अडचणीला बाजारभाव आला होता. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी अवयव पाडण्याच्या कठीणपणावर उभी असलेली गुप्तलेखनाची पद्धत मांडली. इथे दोन्ही प्रश्नांतले अंतरच कामाला लावले आहे. दोन मोठ्या मूळ संख्या शोधणे सोपे, कारण चाचणी वेगवान आहे आणि मूळ संख्या पुष्कळ आहेत. शंभर अंकी आकाराच्या आसपास साधारण दर २३० संख्यांमागे एक. त्यांचा गुणाकार किल्ली म्हणून जगजाहीर करा, कुणाला त्या परत सुट्या करता येणार नाहीत. त्याच वर्षी मार्टिन गार्डनर यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात १२९ अंकी संख्या आव्हान म्हणून छापली गेली. ती फुटायला अब्जावधी वर्षे लागतील असा अंदाज होता. १९९४ मध्ये इंटरनेटवरून जमलेल्या सुमारे ६०० स्वयंसेवकांच्या यंत्रांनी ती फोडली. अंदाज चुकला तो यंत्रांच्या वेगामुळे तर खराच, पण त्याहून अधिक वर्गचाळणीमुळे. फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी आव्हान संख्येचे अवयव जाहीर झाले. एकाच गाभ्याच्या प्रोसेसरवर ते काम सुमारे २७०० वर्षे चालले असते. आज सर्रास वापरात असलेल्या किल्ल्या ६१७ अंकी आहेत.

किल्ली मोठी असून भागत नाही. मूळ संख्या निष्काळजीपणे निवडल्या तर शाळकरी गणितही पुरते. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या लाखो किल्ल्या गोळा करून युक्लिडच्या रीतीने मसावि काढले, तेव्हा हजारो किल्ल्यांत एक मूळ संख्या सामाईक निघाली आणि त्या तत्काळ फुटल्या. २०२२ मध्ये काही छपाईयंत्रांनी बनवलेल्या किल्ल्यांचे दोन्ही अवयव जवळजवळ आढळले. त्या फर्माच्या, म्हणजेच नारायण पंडिताच्या रीतीने उघडल्या.

एवढ्या साऱ्या व्यवहाराखालचा पाया किती भक्कम आहे? अवयव पाडणे खरोखर कठीण आहे, याची सिद्धता कुणाकडेही नाही. आजवर कुणाला सोपी रीत सापडली नाही, इतकेच आपल्याला ठाऊक आहे. २००२ च्या उन्हाळ्यापर्यंत पहिल्या प्रश्नाचीही नशिबावर न विसंबणारी सिद्ध वेगवान रीत कुणाकडे नव्हती, हे विसरून चालणार नाही. शिवाय पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवले की पुरेसा मोठा क्वांटम संगणक बांधता आला तर अवयव पाडणे सोपे होईल. २००१ मध्ये अशा एका प्रायोगिक यंत्राने १५ चे ३ आणि ५ पाडले. मोठ्या संख्यांपासून ही यंत्रे अजून दूर आहेत. तरी अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अवयवांवर अवलंबून नसलेल्या गुप्तलेखनाची नवी मानके जाहीर केली. व्यापार वाट पाहत नाही.

उद्या गुप्तलेखनाला अवयवांची गरज उरली नाही, तर या प्रश्नाला वाली राहील का, असे मला विचारले गेले आहे. ल्यूका, कोल, ब्रिलहार्ट यांना कुठल्या बाजारासाठी हे करायचे नव्हते, आणि काम भरपूर शिल्लक आहे. फर्मा संख्यांच्या मालिकेत, ० पासून मोजले तर, चौदावी संख्या संयुक्त असल्याचे १९६० च्या दशकापासून माहीत होते. तिचा पहिला विभाजक २०१० मध्ये सापडला. विसावी संख्या संयुक्त असल्याचे १९८७ मध्ये सिद्ध झाले, चोविसावी १९९९ मध्ये. दोन्हींचा एकही विभाजक माहीत नाही. तेहतिसावीची तर पहिली पायरीच बाकी आहे. तिचे अंक २,५८,५८,२७,९७३. ती मूळ की संयुक्त हे फ्रान्सच्या पेपँने १८७७ मध्ये दिलेल्या चाचणीने ठरवता येते. त्यासाठी एवढ्या लांबीच्या संख्येचा वर्ग करून बाकी काढण्याची पायरी ओळीने ८,५८,९९,३४,५९१ वेळा करावी लागेल. मधला कुठलाही वर्ग आधी काढता येत नाही, कारण प्रत्येकाला आधीची बाकी लागते. त्यामुळे हजार यंत्रे जोडली तरी या पायऱ्या वाटून घेता येत नाहीत. आजवर हे काम कुणी पार पाडलेले नाही.